भोक ट्यूबला, काटा टायरमध्ये

मोटरसायकलचं, ट्रॉलीचं पंक्चर काढता येतं आणि आता ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला हात घालायचाय, अशा पोरांसाठी लिहितोय. पॅच कसा घासायचा, सोल्यूशन किती सुकू द्यायचं, यात जात नाही. ते तुम्हाला येतं. मला जिथं मार बसला तिथंच जास्त थांबणार आहे.

पारोळ्याच्या अलीकडे महामार्गावर आबांच्या दुकानात मी दोन वर्षं हेल्परी केली. मग चोपडा तालुक्यात स्वतःचं दुकान टाकलं. एक कॉम्प्रेसर, दोन जॅक, टायर उचकटायच्या तीन टाम्या, बस. पहिल्याच उन्हाळ्यात एका दादांचा फोन आला. कपाशी काढलेल्या वावरात रोटाव्हेटर चालू होता आणि मागचं उजवं चाक बसलं होतं. १३.६-२८ चा टायर. मी गेलो, जॅक लावला, टायरची बाहेरची कड रिमवरून उतरवली, ट्यूब ओढून काढली, भोक सापडलं, पॅच मारला, हवा भरली. तासाभरात काम संपलं. दादा खूश, मी त्यांच्याहून खूश.

संध्याकाळी परत फोन. चाक बसलं. मला वाटलं पॅच सुटला असेल. पॅच घट्ट होता, पण त्याच्यापासून दोन बोटांवर नवं भोक. दुसरा पॅच मारला आणि घरी आलो. नवं भोक कुठून आलं, हा प्रश्नच मला पडला नाही. रात्री नऊला तिसरा फोन. दादा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "भाऊ, रोटाव्हेटर भाड्यानं आणलंय, उद्या दुपारी परत द्यायचंय." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बांधावर उभं राहून मी आबांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "काटा सापडना का?" म्हणजे सापडला का. मी म्हटलं, नाही. "मंग काय काढं?" मग काढलंस तरी काय?

हे नीट समजून घ्या, कारण एक साधा पॅच आणि पूर्ण वाया गेलेला दिवस यातला फरक इथंच आहे. आपल्याकडे कपाशी काढल्यावर पऱ्हाटीचे खुंट जमिनीत राहतात. कोयत्यानं तिरपे कापलेले असतात आणि उन्हानं वाळून खिळ्यासारखे कडक होतात. बांधावर वेडी बाभूळ असतेच. खुंट टायरच्या दोन जाड पट्ट्यांमधल्या खोलगट जागेत घुसतो, कारण तिथं रबर पातळ असतं. मग बाहेरून मोडतो. बाहेरून पाहिलं तर काही दिसत नाही. आतलं टोक टायरच्या थरांत अडकून राहतं. हवा उतरलेली आणि चाक जॅकवर असलं की ते टोक रबराच्या थरांत मागे ओढल्यासारखं होतं, आतून हात फिरवला तरी लागत नाही. पण चाक जमिनीवर आलं, वजन पडलं, की टायर दबतो आणि तेच टोक आत डोकावतं. वावरात मागच्या टायरमध्ये हवा साधारण १२ ते १४ पौंडच (पीएसआय) असते, त्यामुळे टायर प्रत्येक फेऱ्याला भरपूर दबतो. ट्यूब परत बसवताना थोडी सरकलेली असते, म्हणून भोक जुन्या जागी पडत नाही, शेजारी पडतं. आपण मात्र पॅचला दोष देत बसतो.

म्हणून ट्यूब काढायच्या आधी, अगदी आधी, व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूनं खूण करा. मी खूण केली नव्हती. ट्यूब बाहेर आली की ती जमिनीवर तशीच पसरायची, बाहेरची बाजू वर, व्हॉल्व्ह खुणेच्या दिशेला. भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून किती वीत आहे ते मोजा. टायरवरही खुणेपासून तेवढंच मोजा. काटा तिथंच असतो. ट्यूब उलटी पडली की काय, असा संशय असेल तर खुणेच्या डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही जागा तपासा. मग जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा घ्या आणि आतून फिरवा. बोटाला न लागणारं टोक ओढणीला लागतं, धागा अडकतो. उघडा हात आधी घालू नका, कडेची तार तुटलेली असेल तर बोट फाटतं. कापड अडकलं की गुडघ्यानं टायर बाहेरून दाबा, टोक वर येतं. पकडीनं धरता आलं तर ओढा, नाहीतर आतून आरीनं, म्हणजे टोच्यानं, ढकलून बाहेर काढा.

आणि एक सापडला म्हणून थांबू नका. कपाशी ओळीत लावलेली असते, म्हणजे खुंटही ओळीनं लागतात. पूर्ण गोल फिरा. त्या रात्री टॉर्चच्या उजेडात मला तीन सापडले: एक पऱ्हाटीचा, दोन बाभळीचे. पऱ्हाटीचा तुकडा काड्यापेटीतल्या काडीएवढा होता, टोक रबराच्या घासणीनं काळं आणि गुळगुळीत झालेलं. तळहातावर ठेवला तर वजनसुद्धा जाणवत नव्हतं. दादांच्या घरच्या काकूंनी तेवढ्यात कळण्याची भाकरी आणून दिली. माझ्या हातून त्यांचं नुकसान झालेलं आणि त्या मला जेवू घालत होत्या. तो घास अजून आठवतो.

भोकही काही सांगत असतं. जमिनीकडच्या बाजूला एकच टोचा असेल तर काटा. रिमकडच्या बाजूला असेल तर रिमचा गंज घासला आहे, तो कानशीनं साफ करा. जवळजवळ दोन बारीक चिरा असतील तर तुमच्याच टामीनं ट्यूब चिमटली. हे सगळ्यांकडून होतं, घाबरू नका. कड चढवण्याआधी ट्यूबमध्ये तिचा आकार येईल एवढी हवा भरा, टामी कमी आत घाला, चिमटणं बंद होतं.

पाणी भरलेला टायर वेगळा. आधी विचारा. मागच्या एका चाकात दीडशे लिटरच्या पुढे पाणी असू शकतं, चाक उतरवायला गेलात तर तेवढं वजन अंगावर. व्हॉल्व्ह खाली आणून पाणी सोडा, ट्यूब पूर्ण कोरडी करा, मगच पॅच. परत भरताना व्हॉल्व्ह वर, आणि पाणी व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच. वर हवा राहिली पाहिजे.

आता जिवाचं. काळ्या मातीत जॅक थेट लावू नका, खाली जाड लाकडी फळी हवी. ट्रॉली सोडा, दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. पुढचा अ‍ॅक्सल मध्यभागी झुलतो, त्यामुळे मागचं चाक उचललं की ट्रॅक्टर कलतो. अ‍ॅक्सल आणि बॉडीमध्ये दोन्हीकडे लाकडी पाचर मारल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. कड बसत नाही म्हणून हवा वाढवत जाऊ नका. मागच्या टायरला ३५ पौंडाच्या वर कधीच नाही. नाही बसली तर हवा सोडा, साबणपाणी लावा, परत भरा. डिझेल लावू नका, रबर फुगतं आणि सडतं. भरताना नळी लांब ठेवा आणि टायरच्या समोर उभं राहू नका. घाईत असलेला शेतकरी "चालतं रे" म्हणेल, तरी ऐकू नका.

भोक आपोआप बुजावं म्हणून ट्यूबमध्ये ओतायचं ते सीलंट. माझं मत कडक आहे: ज्याला पंक्चरचं काम करायचंय त्यानं त्याच्या नादी लागू नये. वावरात अडकलेल्याला तासभर मदत होते, खरं आहे, पण नंतर ट्यूब चिकट होते, पॅच धरत नाही, आणि काटा आतच. मोबाइलवर व्हिडिओ पाहून कड उतरवायला येईल, ओढणी कुठं अडकते ते हातालाच कळतं. उस्ताद निवडताना मी एकच बघतो: तो काटा दाखवतो का. काही उस्ताद पोराला सहा महिने हवा भरायला ठेवतात आणि टायरच्या आत बघूच देत नाहीत. तिथं राहू नका. आबा पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक काटा माझ्या हातावर ठेवायचे. मी तेव्हा तो फेकून द्यायचो, चूक माझी होती.

पहिली वीस-पंचवीस चाकं अवघड जातील. पाठ दुखेल, टामी निसटेल, एखादी ट्यूब वाया जाईल आणि ती खिशातून भरावी लागेल. ते सगळं पुढे सोपं होतं, खरंच होतं. मार्च-एप्रिलमध्ये नांगरट आणि रोटाव्हेटर एकदम सुरू होतात, तेव्हा एका दिवसात जेवढं शिकाल तेवढं पावसाळ्यात महिन्यात शिकणार नाही. त्या दिवसांत कोणाच्या तरी दुकानात हाताखाली जा. वावरात जायचे पैसे निघण्याआधी फोनवरच ठरवा, आणि त्याच भोकाशेजारी दुसरं भोक पडलं तर दुसऱ्या फेरीचे पैसे घेऊ नका. त्या दादांकडून मी एकाच पंक्चरचे घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी रोटाव्हेटर परत गेलं, आणि यंदा मार्चमध्ये त्यांचा पहिला फोन मलाच आला.