ट्यूब प्रीअँपच्या हीटरसाठी रेग्युलेटेड डीसी सप्लाय

गाणे लावलेले नाही, तरी स्पीकरमधून बारीक घुंऽऽ ऐकू येते. ट्यूबच्या सेटमध्ये असे झाले की पुष्कळदा संशय हीटरच्या (ट्यूबचा कॅथोड तापवणाऱ्या तंतूच्या) एसी तारांवर जातो. आधी त्या तारांना घट्ट पीळ देऊन पाहा, कधीकधी तेवढ्यानेच भागते. नाहीच भागले, तर प्रीअँपच्या, म्हणजे सुरुवातीचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या, ट्यूबना डीसी द्या. ईएल३४सारख्या आउटपुट ट्यूब एसीवरच राहू द्या. त्यातली एकेक ट्यूब दीड अँपिअर ओढते, आणि तिथे डीसीचा फायदा क्वचितच ऐकू येतो.

हिशेब हीटरपासून उलटा करत या. समजा प्रीअँपमध्ये चार १२एएक्स७ ट्यूब आहेत. पिन ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट दिले तर प्रत्येकी १५० मिलिअँप, म्हणजे एकूण ०.६ अँपिअर. पिन ९ मोकळी ठेवायची. हेच ६.३ व्होल्टवर केले तर करंट दुप्पट होतो, म्हणून १२.६ बरे.

व्होल्टेज स्थिर ठेवायला एलएम३१७ हा रेग्युलेटर आयसी वापरू. त्याला इनपुट आणि आउटपुट यांत निदान २.५ व्होल्टचे अंतर लागते. म्हणजे इनपुट कधीही १५.१ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. पुष्कळ सप्लाय फसतात ते इथेच, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो आणि आपण रिपलचा (डीसीवर उरलेल्या चढउताराचा) तळ विसरतो. ट्रान्सफॉर्मरच्या १५ व्होल्टच्या स्वतंत्र वाइंडिंगचे शिखर २१.२ व्होल्ट. मेन्स दहा टक्के पडली तर १९.१, ब्रिजमध्ये (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडांत) सुमारे १.९ गेले, उरले १७.२. ५० हर्ट्झवर ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर रिपल जास्तीत जास्त १.३ व्होल्ट, म्हणजे तळ १५.९. जमले, पण काठावरच! १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर इथे चालणार नाही. वाइंडिंगमधला आरएमएस करंट डीसीच्या पावणेदोन-दोनपट असतो, म्हणून ३० व्हीएचा घ्या.

आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पिनमध्ये १२० ओहम, अगदी पिनांना लागून. अ‍ॅडजस्टपासून ऋण टोकाकडे १ किलोओहम आणि त्याच्या सिरीजमध्ये २०० ओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बदलता रेझिस्टर). प्रीसेटची मधली पिन एका टोकाला जोडून टाका. मग ती उद्या सुटली तरी आउटपुट १३.८ व्होल्टवर थांबते, हीटर बचावतात. अ‍ॅडजस्टवर १० मायक्रोफॅरड लावल्यास रिपल आणखी दबतो. त्यासोबत संरक्षक डायोड हवाच.

वायरिंगमध्ये एक गोष्ट सांभाळा. ब्रिजमधून कपॅसिटरकडे करंटचे झटके जातात. रेग्युलेटरची ऋण तार ब्रिजवरून न घेता कपॅसिटरच्या टोकावरूनच घ्या. ही चूक केली की डीसी देऊनही घरघर राहते आणि माणूस रेग्युलेटर बदलत बसतो.

मेन्स दहा टक्के चढली की आयसीत सुमारे ५ वॅट उष्णता होते. ४ अंश प्रति वॅट किंवा त्याहून चांगला हीटसिंक लावा. आयसीचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, म्हणून मध्ये इन्सुलेटिंग वॉशर विसरू नका.

ट्यूब लावण्याआधी २२ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर जोडून अर्धा तास चालवा (हात लावू नका, चटका बसेल) आणि प्रीसेटने १२.६ व्होल्ट लावा.

आता हीटरला आधार द्या. हा सप्लाय अधांतरी ठेवू नये. साध्या टप्प्यांना ऋण टोक ग्राउंडला जोडले की पुरे. कॅथोड फॉलोअर (सिग्नल कॅथोडवरून घेणारा टप्पा, ज्याचा कॅथोड उंच व्होल्टेजवर असतो) असेल तर मात्र कॅथोड-हीटर व्होल्टेजची मर्यादा ओलांडण्याची भीती असते. ३०० व्होल्टच्या एचटीवर (ट्यूबच्या उंच डीसी सप्लायवर) २७० किलोओहम आणि ८२ किलोओहमचा डिव्हायडर केला की ७० व्होल्ट मिळतात. ऋण टोक तिथे जोडा आणि तिथून ग्राउंडला १६० व्होल्टचा १० मायक्रोफॅरड कपॅसिटर द्या. मग तो हीटसिंकही ग्राउंडवर नसलेल्या सर्किटचा शेजारी आहे हे ध्यानात ठेवा. एचटीचे कपॅसिटर रिकामे झाल्याचे मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नका.