ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा
जुन्या डेस्कटॉपसाठी ग्राफिक्स कार्ड शोधताना बहुतेक जण आधी किंमत आणि मेमरी बघतात. माझं ऐका, आधी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचा. मोठ्या अक्षरांतला ४५० वॉटचा आकडा सोडा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर २१६ वॉट झाले. प्रोसेसर आणि कार्ड दोघांना मुख्यतः त्यातच भागवायचंय.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून भुकेल्या कार्डाला ६ किंवा ८ पिनची वेगळी वायर लागते. एसएमपीएसला ती नसेल तर दुसऱ्या वायरला पिन बदलणारा कन्व्हर्टर लावून स्वस्तातल्या एसएमपीएसवर भार टाकू नका. अशा जोडणीत वितळून काळा पडलेला प्लग मी हातात घेऊन पाहिलाय.

अशा मशीनला जीटीएक्स १६५० चं बिनपिनचं मॉडेल छान चालतं. काही मॉडेल्सना ६ पिन लागते, म्हणून कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो नीट बघा. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉट घेतं खरं, पण ते स्लॉटमधल्या चारच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) वापरतं. चौथ्या पिढीच्या आय-५ सोबत एच८१ मदरबोर्ड असेल तर स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चाच, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या प्रकारचा असतो. तिथे हे कार्ड बरंच मंदावतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगसाठी व्हिडिओ आकुंचित करणारा भाग) नाही, त्यामुळे गेम रेकॉर्ड करणाऱ्यांनी ते घेऊच नये.

आणि मॉनिटर जुना, व्हीजीएवाला (जुन्या १५ पिनी प्लगचा) असेल तर त्याला कार्डाशी जोडणाऱ्या कन्व्हर्टरचे पैसेही धरा.