सेल्फ कधी घेतो, कधी घेत नाही

मावशींचा पिकअप गॅरेजला आला की शहाण्यासारखा वागायचा. चावी फिरवली, सेल्फ घेतला, इंजिन चालू. (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर.) दहा वेळा करा, दहा वेळा चालू. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ससून डॉकवरून फोन, "अरे, परत मेला तो. बर्फ वितळतोय माझा."

मी तेव्हा आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा २ वर्षांचा कोर्स उरकून वडाळ्याला एका गॅरेजात तात्यांच्या हाताखाली लागलो होतो. सेल्फमधलं आर्मेचर (फिरणारा भाग), कार्बन (त्याला करंट देणारे ब्रश), बेंडिक्स (छोटं दातेरी चाक इंजिनात गुंतवणारा भाग), सोलेनॉइड (बेंडिक्स ढकलणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच) सगळं तोंडपाठ. पण आयटीआयमधला सेल्फ टेबलावर शिकंज्यात धरलेला असायचा, कोरडा आणि स्वच्छ. इथे १५ वर्षांचा डिझेल पिकअप, हौद्यात मासळीचे क्रेट, आणि बर्फाचं खारं पाणी रोज फळ्यांच्या फटींतून चॅसीवर गळणारं. या लाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी त्या एका गाडीची हकीकत सांगतो, कारण माझं अर्धं शिक्षण तिच्याखाली झोपून झालं.

गाडी आधी दुसरीकडे दाखवून झाली होती. तिथे नवी बॅटरी टाकून दिलेली. मी मीटर लावला, १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ आली तर साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की आधी चार्जिंगला लावायची आणि मगच पुढचं बोलायचं. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसलं, म्हणजे डायनामोही ठीक. (गॅरेजात अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात. सुधारायला जाऊ नका, हसतात.)

गाडी चालवायचा मावशींचा भाचा. तो म्हणाला, "गिअरमध्ये टाकून पुढे-मागे हलवली की घेतो." हे ऐकलं आणि माझी ट्यूब पेटली. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, रिंगचे दात एका जागी झिजले की बेंडिक्सचं पिनियन, म्हणजे ते छोटं दातेरी चाक, तिथेच अडकतं आणि गाडी हलवली की सुटतं, हे शिकलो होतो. मी सेल्फ खाली उतरवला, टॉर्चचा उजेड टाकला आणि इंजिन हाताने फिरवत रिंग पूर्ण पाहिली. दात वयाच्या मानाने बरे होते. मग रिकाम्या हाताने वर कसं यायचं, म्हणून कार्बन बदलले, सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट बदलले, बुश बदलले. मावशींनी पैसे दिले. नऊ दिवसांनी फोन आला.

तात्या चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "सेल्फ घेत नाही तेव्हा आवाज कसा येतो?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

नवीन मुलाला पाना हातात घ्यायच्या आधी हे यायला हवं. "स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात चार-पाच वेगळे आजार असतात. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही, तर करंट सोलेनॉइडच्या ५० नंबरच्या टर्मिनलपर्यंत (चावीकडून येणारी बारीक वायर लागते तिथपर्यंत) पोचतोय का ते बघायचं. जुन्या गाड्यांत इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजतात, रिले असेल तर तोही दगा देतो. एकदाच जोरात "टक्" आणि मग शांतता, तर सोलेनॉइड ओढला गेला, पण मोठा करंट पुढे सरकला नाही. कॉन्टॅक्ट जळलेले असतील, कार्बन संपले असतील किंवा जाड वायरींपैकी एखादी आतून मेली असेल. "टकटकटक" असा मशीनगनसारखा आवाज बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीचा नाहीतर सैल टर्मिनलचा. सोलेनॉइड ओढतो, सेल्फ करंट मागतो, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, आणि तेच चक्र पुन्हा. नुसतीच "घर्रर्र" आणि इंजिन जागचं हलत नाही, तर बेंडिक्स. आणि सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर तो वेगळाच विषय, त्याच्याकडे शेवटी येतो.

भाच्याला विचारलं. तो म्हणाला, एकदा टक् होतो, मग डॅशबोर्डचे दिवे बारीक होतात. दात झिजून पिनियन अडकलं तरी असंच होऊ शकतं, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नव्हता. कधी होतं? डॉकवर रांगेत, गाडी चार-चार फूट पुढे घेत चालू-बंद करताना. घरी पहाटे थंड असताना कधीच नाही. आणि जाता जाता त्याने एक गोष्ट सांगितली, जी त्याच्या मते या दुखण्यात धरायचीच नव्हती. ॲक्सिलरेटरची वायर दोन महिन्यांत दोनदा बदलली. जाम होते.

तात्या चहा ठेवून उठले.

त्यांनी समजावलं ते असं. सेल्फला दोन रस्ते लागतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून जाड वायरीने करंट येतो, आणि सेल्फच्या बॉडीतून इंजिनात, इंजिनातून अर्थिंगच्या पट्टीने चॅसीवर, तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चॅसीपासून तुटलेलं. परतीचा हमरस्ता म्हणजे ती एक पट्टी. ती खराब झाली की करंट गल्लीबोळांतून वाट काढतो. ॲक्सिलरेटरची स्टीलची वायर इंजिनला आणि बॉडीला दोन्हीकडे जोडलेली असते. तिच्यातून सेल्फचा करंट जायला लागला की ती तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं, वायर जाम होते. दोन वायरी अशा जळल्या आणि ज्यांनी बदलल्या त्यांनी जुनी वायर कापून आत पाहिलं नाही.

मी लगेच खाली शिरून पट्टी पाहिली. दोन्ही बोल्ट घट्ट. ओढली, हलली नाही. मीटरच्या बझरवर (वायर सलग असली की वाजतो तो) लावली, बीप वाजला. "तात्या, पट्टी चांगली आहे." तात्या म्हणाले, "बझरला किती करंट लागतो आणि सेल्फला किती लागतो?"

इथे जरा थांबतो. बझरला काही मिलीअँपिअर पुरतात, शंभरातली एक तार शाबूत असली तरी तो वाजतो. डिझेल पिकअपचा सेल्फ सहज २०० अँपिअरच्या घरात खेचतो. वाटेत ०.०१ ओहम एवढाच अडथळा असला तरी २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तिथेच खर्ची पडले. साध्या मीटरला ०.०१ ओहम नीट मोजताही येत नाही. म्हणून जाड वायर ओहममध्ये मोजायचीच नाही. तिच्यातून करंट वाहत असताना तिच्या दोन टोकांत किती व्होल्ट पडतात ते बघायचं.

पद्धत सोपी आहे. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, वरच्या क्लॅम्पवर नाही, कारण खुंटी आणि क्लॅम्पच्या मध्येच पांढरी भुकटी बसलेली असते. दुसरं टोक सेल्फच्या बॉडीवर खरवडून. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, डिझेल पंपाच्या कट-ऑफ सोलेनॉइडची (डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या झडपेची) वायर काढलेली, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, चालू होणार नाही. जोडीदाराला सेल्फ मारायला सांगायचं आणि आकडा वाचायचा. ०.२ व्होल्टपर्यंत उत्तम, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर त्या वाटेत चोर आहे. तसंच पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या टर्मिनलपर्यंत, तिथे साधारण अर्धा व्होल्ट चालतो. आणि खुद्द बॅटरीच्या दोन खुंट्यांवर सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मध्ये थंड होऊ द्यायचा.

आणि हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. माझ्या मनगटावर अजून कड्याची गोल खूण आहे. पाना पॉझिटिव्हवर, कडं बॉडीला, एक सेकंद. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी, हे त्या दिवसानंतर मला कुणी सांगावं लागलं नाही.

गॅरेजात आकडा आला ०.३. जरा जास्त, पण गाडी अडावी इतका नाही. कधी होणारा, कधी न होणारा फॉल्ट असाच. तो होत असेल तेव्हाच मोजता येतो, म्हणून मीटर घेऊन त्याच्या दारी जावं लागतं. तात्यांनी मला १५ फूट वायरीला मगर-क्लिपा लावून दिल्या. एक खुंटीवर, एक सेल्फच्या बोल्टवर, वायर खिडकीतून केबिनमध्ये, मीटर माझ्या मांडीवर. पहाटे साडेचारला मी भाच्याशेजारी बसून कुलाब्याला निघालो.

पहिल्या सहा वेळा ०.३, ०.३, ०.४. सातव्यांदा रांग हलली, भाच्याने चावी फिरवली, टक्. मीटरवर ५.८.

मी ओरडलोच. मागच्या टेम्पोवाल्याने शिव्या घातल्या. मग एक टोक चॅसीवर सरकवलं. बॅटरी ते चॅसी ०.१. चॅसी ते इंजिन, बाकी सगळं. इंजिन आणि चॅसीमध्ये जंप केबलची एक वायर लावली, सेल्फ लगेच फिरला. मावशी क्रेट मोजत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "मग इतके दिवस काय करत होतास?"

पट्टीच्या वेणीतल्या तारा लगच्या, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या टोकाच्या, आत खाऱ्या पाण्याने खाल्ल्या होत्या, वरून काही दिसत नव्हतं. इंजिन बंद होताना हिसका देतं आणि रबरावर दर वेळी किंचित वेगळं बसतं. तुटलेली टोकं टेकली तर सेल्फ घेतो, नाहीतर नाही. गिअरमध्ये हलवल्यावर इंजिनच हलत होतं, दातांचा संबंध नव्हता. रांगेत जितक्या वेळा चालू-बंद, तितक्या वेळा हा जुगार. नवी जाड पट्टी टाकली, बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, वरून ग्रीस. जुने कार्बन आणि बुश मी विनाकारण बदलले होते. तात्यांनी ते पैसे मावशींच्या पुढच्या बिलातून वळते केले आणि माझ्या पगाराला हात लावला नाही. मला उलट जास्त लागलं.

आता तो दुसरा विषय थोडक्यात. सेल्फ जोरात फिरतो पण डिझेल इंजिन पकडत नाही, तर आधी कट-ऑफ सोलेनॉइडला चावी चालू केल्यावर "टिक्" येते का ऐका. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास असेल तर डिझेलच्या पाइपात हवा धरते. पाइप कुठेतरी सैल असतो, डिझेल टाकीकडे परत उतरतं. पंपाआधी थोडा पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हातपंप मारून चालू झाली की लोक खूश होतात आणि गळती तशीच राहते. हीटर प्लगवर (थंडीत इंजिन पकडावं म्हणून आत तापवणारा) मुंबईच्या हवेत पहिला संशय घेऊ नका. कार्बन संपल्याची खूण मात्र लक्षात ठेवा. सेल्फच्या बॉडीवर हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर फिरला, तर कार्बन बघा.

मीटर कुठला घ्यावा, हे पोरं विचारतात. लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मीटर आणि गॅरेजातली हेडलाइट बल्बची टेस्ट लॅम्प, सुरुवातीला एवढं पुरतं.

ती जुनी पट्टी तात्यांनी फेकू दिली नाही. आता माझ्या गॅरेजात खिळ्याला टांगलेली आहे. नवा मुलगा आला की मी ती त्याच्या हातात देतो आणि विचारतो, चांगली की खराब? तो बझर लावतो, बीप वाजतो. शहाणा असेल तर टेस्ट लॅम्प लावतो, तीही लख्ख पेटते. "चांगली आहे," तो म्हणतो. मग मी त्याला बाकावरच्या सेल्फकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, हीच पट्टी लावून फिरवून दाखव.