जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड निवडताना

कार्डांच्या याद्या नंतर चाळा. आधी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडा आणि पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. मी कुणालाही हेच पहिलं करायला सांगतो. एकूण वॅट मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, पण कामाचा आकडा १२ व्होल्टच्या रकान्यातला, कारण कार्ड मुख्यतः तिथूनच वीज ओढतं. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो, पॉवर सप्लायमधून कार्डाला जोडायची ६ पिनांची वायर आणखी ७५, ८ पिनांची १५०. अशी वायरच नसेल तर निव्वळ स्लॉटवर भागणारं कार्ड घ्यायचं: जीटीएक्स १६५० ची काही मॉडेलं, किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मेमरीवालं. त्याच नावाचं ८ जीबीवालं कार्ड वेगळं, त्याला सहसा वायर लागते. खोक्यावरचं नाव बघून घाई करू नका, जीबी वाचा.

मग कॅबिनेटमध्ये कार्डाला मिळणाऱ्या जागेची लांबी टेपने मोजा. हार्ड डिस्कचा पिंजरा बऱ्याचदा आडवा येतो.

एएमडीचं आरएक्स ६४०० हे कार्ड कमी वीज खातं म्हणून जुन्या मशीनला सुचवतात. मला ते पटत नाही. त्याला चारच लेन (डेटा ने-आण करायच्या वाटा) आहेत, आणि पीसीआयई ३.० च्या, म्हणजे जुन्या पिढीच्या स्लॉटच्या बोर्डवर बऱ्याच गेममध्ये वेग पडतो. रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या बोर्डवर इंटेलचं आर्क कार्ड तर नकोच.

पैसे देण्याआधी एक चाचणी नक्की करा: नेहमीचा गेम लावून रिझोल्यूशन कमी करा. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जागचे हलले नाहीत, तर घोडं प्रोसेसरपाशी अडलंय. कार्डाने फरक पडणार नाही.