पाण्याखालचा फोटो बिघडला तर आधी कोपरे बघा

नवा कॅमेरा, नवं हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी), आठ इंची डोम (लेन्ससमोरची घुमटासारखी काच) आणि दोन स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश). एवढा सरंजाम घेऊन मी पहिल्यांदा उतरले आणि तीन डाइव्हमध्ये चारशेच्या आसपास फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पाठच्या स्क्रीनवर सगळे झकास दिसत होते. संगणकावर उघडले आणि तोंडचं पाणी पळालं. कोपरे फराटे मारल्यासारखे, मधला मासा मऊ, म्हणजे अस्पष्ट, सगळ्यावर दुधाळ पडदा आणि त्यात पांढऱ्या ठिपक्यांची पेरणी. माझ्या जुन्या, खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचे फोटो यापेक्षा बरे होते, हे कबूल करणं जिवावर आलं होतं.

मग मी नवखे लोक करतात तेच केलं. एका रात्रीत सगळं बदललं: फोकसचा मोड, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता), शटर, स्ट्रोबची जागा. दुसऱ्या दिवशी फोटो वेगळे आले, थोडे बरेही आले. पण कशामुळे, ते सांगता येईना. एक गोष्ट सुधारली असेल आणि दुसरी बिघडली असेल तर हिशेब लागतच नाही. तेव्हापासून एका वेळी एकच बदल, आणि तो पाटीवर लिहून त्या पाटीचा फोटो आधी. कंटाळवाणं आहे, पण रात्री संगणकासमोर बसल्यावर तीच पाटी उपयोगी पडते.

पहिला संशय लेन्सवर होता. ती हाउसिंगबाहेर काढली, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं आणि फोटो काढला. कोपऱ्यातली बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली. लेन्स निर्दोष सुटली. म्हणजे घोळ लेन्सच्या पुढे होता: डोममध्ये, पाण्यात किंवा माझ्यात. (तिन्हींत निघाला.)

इथे एक सवय लावून घ्या. फोटो वाईट आहे एवढं म्हणून थांबू नका. तो कुठे वाईट आहे ते बघा. फक्त कोपरे गेलेत की मधला भागही? एकच बाजू गेली आहे का? की सगळीकडे सारखाच पडदा आहे?

माझे कोपरे सगळ्यात वाईट होते, म्हणून कोपऱ्यांपासून सुरुवात केली. सपाट काचेच्या पोर्टमागून (हाउसिंगच्या खिडकीमागून) पाण्यात पाहिलं की वस्तू साधारण पाव अंतराने जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते, आणि लेन्सचा कोन आक्रसतो. वाइड लेन्सला ते परवडत नाही, शिवाय कडांना रंगीत झालर येते. म्हणून डोम. पण डोमची स्वतःची एक खोड आहे, जी मला माहीत नव्हती. पाण्यात डोम स्वतःच एक लेन्स होतो आणि समोरच्या दृश्याची आभासी प्रतिमा अगदी जवळ तयार करतो. डोमची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल, तर खूप दूरच्या गोष्टीचीही प्रतिमा डोमपुढे जेमतेम ३० सेंटिमीटरवर पडते. कॅमेरा फोकस करतो तो त्या प्रतिमेवर. त्यामुळे लेन्स तेवढ्या जवळ फोकस करणारी हवी. त्यात ही प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी वळलेली असते. मध्यावर फोकस बसला की कोपरे त्याच्या आवाक्याबाहेर जातात. डोम लहान असेल तर हे सगळं आणखी जवळ आणि आणखी वळलेलं.

उपाय दोन. एक, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान करा (एफचा आकडा मोठा). मी जमिनीवरच्या सवयीने एफ/४ वर होते. जलतरण तलावात उतरून फरशांच्या भिंतीसमोर एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत एकेक फोटो काढला. एफ/८ ला कोपरे सावरायला लागले, एफ/११ ला पटण्यासारखे झाले. सपाट भिंत ही डोमसाठी जरा अन्यायाची परीक्षा असते, खडकाळ तळाशी किंवा मोकळ्या निळाईत कोपरे एवढे उघडे पडत नाहीत; तरी तुलनेला भिंतच बरी.

दुसरा उपाय सांगताना अजून लाज वाटते. डोम आणि हाउसिंगच्या मध्ये एक एक्स्टेन्शन रिंग लागते, जेणेकरून लेन्स डोमच्या गोलाईच्या केंद्राशी योग्य ठिकाणी येते. कुठल्या लेन्सला किती लांबीची रिंग, याचा तक्ता हाउसिंग बनवणारे देतात. माझी रिंग खोक्यातच होती. डोम तिच्याशिवायही घट्ट बसत होता, म्हणून मी ती जास्तीची समजून ठेवून दिली होती! ती लावल्यावर एफ/८ लाच कोपरे पूर्वीच्या एफ/११ पेक्षा सरस आले.

कोपरे सुधारले तरी मधला मासा मऊच होता. म्हणजे हा दुसरा, वेगळा आजार. फोटोची माहिती उघडली तर शटर १/४० ते १/६०. मासा हलतोय, पाणी हलतंय, मीही हलतेय; त्यात हे कसं जमणार? १/१२५ च्या खाली जायचं नाही असं ठरवलं आणि त्यासाठी आयएसओ वाढू दिला. बारीक दाणे चालतात, हललेला डोळा चालत नाही. वरच्या बाजूला मर्यादा फ्लॅशच्या सिंकची, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या सगळ्यात जलद शटरची: बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०. तिच्या पुढे गेलात तर फोटोत काळा पट्टा येईल. अंधुक पाण्यात ऑटोफोकस चाचपडत असेल तर छोटी फोकस लाइट लावा आणि फोकसचा बिंदू स्वतः माशाच्या डोळ्यावर न्या. कॅमेऱ्यावर सोपवलंत तर तो मागच्या प्रवाळावर खूश होतो.

आता दुधाळ पडदा. इथे कुठलंही बटण कामाला येत नाही. तुमच्या आणि माशाच्या मध्ये जितकं पाणी, तितका पडदा. दीड मीटरवरून काढत असाल तर अर्ध्या मीटरवर जा; वाइड लेन्स घेतली ती याचसाठी. ठिपके मात्र वेगळे. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तसंच हे: स्ट्रोबचा उजेड लेन्ससमोरच्या कणांवर पडून परत येतो. खात्री करायची असेल तर एक फोटो स्ट्रोब बंद करून काढा. ठिपके गेले तर दोष उजेडाच्या दिशेत आहे. मी स्ट्रोबचे दोन्ही हात (दांडे) बाजूला लांबवले, स्ट्रोब डोमच्या काचेच्या मागे घेतले आणि तोंडं किंचित बाहेर वळवली, म्हणजे उजेडाच्या शंकूची आतली कडच माशाला लागते. सरळ माशावर रोखायचा मोह फार होतो. रोखू नका.

रंगांचं थोडक्यात. लाल पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, आणि मोजायचा तो उजेडाचा पूर्ण प्रवास: स्ट्रोबपासून माशापर्यंत आणि तिथून लेन्सपर्यंत. १९२६ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम लाँगली आणि छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, तेव्हा उजेडासाठी वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागली होती. आपल्या हातात स्ट्रोब आहेत, पण त्यांचाही जोर मीटरभरातच. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा, आणि स्ट्रोब वापरताना लाल फिल्टर काढून ठेवा.

फोटो डाइव्हच्या मध्यावरच धुरकट होऊ लागले तर आत दव धरतंय. हाउसिंग दमट हवेत बंद केलं असणार. कोरड्या, थंड खोलीत बंद करा आणि सिलिका जेलची पुडी टाका. एखादाच गोल भाग पुसट असेल तर डोमवर बुडबुडा चिकटलाय, उतरताच हाताने पुसा. पोर्टवर बाहेरून लावायची वेट लेन्स असेल तर ती पाण्याखाली एकदा काढून परत लावा, मधली हवा निघून जाते.

सगळं झाल्यावरही सूर्यासमोर काढलेल्या फोटोंत एक फिकट पांढरी कमान येत होती. डोमला ओरखडा असेल म्हणून दोन दिवस हळहळले. मग फोटो मोठा करून पाहिला तर कमानीत चक्क उलटी अक्षरं: लेन्सच्या तोंडाभोवती छापलेलं तिचं नाव डोमच्या आतून परावर्तित होत होतं. त्यावर काळी चिकटपट्टी लावली. ती अजून तिथेच आहे.