गॅपनंतर नोकरी लागलीय? जॉइन व्हायच्या आधी आणि पहिल्या महिन्यात काय काय बघायचं

ऑफर लेटर आलं की घरात पेढे येतात आणि सगळे धरून चालतात की झालं, सुटलो एकदाचे. पण वर्षभर किंवा सात-आठ महिने घरी बसलेल्या माणसाचा सगळ्यात ओढाताणीचा महिना बऱ्याचदा जॉइन झाल्यानंतरचा असतो, कारण पास, डबा, कपडे, चहापाणी हा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू आणि पगार कधी तर नंतर. बऱ्याच कंपन्यांत पगाराचा हिशोब २०-२५ तारखेच्या आसपास बंद होतो, त्यामुळे समजा तुम्ही २४ ला जॉइन झालात तर ते सात-आठ दिवस पुढच्या महिन्याच्या पगारात लागतात, म्हणजे हातात पैसे यायला पाच आठवडे. एचआरला जॉइनिंगच्या आधीच सरळ विचारा की कटऑफ कितीचा आहे, त्यात लाजायचं काही नाही, त्यांना रोज कोणी ना कोणी विचारतंच. आणि उसने घेतलेले असतील त्यांना "पहिल्या पगाराला देतो" असं सांगू नका, दुसऱ्या पगाराचं सांगा.

तर पहिला दीड महिना बजेट बेकारीचंच ठेवायचं, फक्त वागणं बेकाराचं नको. वागण्याचं पुढे सांगतो.

आधी कागद. रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पॅन, आधार, मार्कशीट हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाका, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले एकच कागद तीनदा मागतात. गॅप लपवू नका, तारखा जुळवायला जाऊ नका, कारण जुन्या कंपनीत कधीपर्यंत होता हे पीएफच्या रेकॉर्डवर दिसतंच. पीएफवरून आठवलं, यूएएन, म्हणजे पीएफसाठीचा तुमचा नंबर, आयुष्यभर एकच असतो, नव्या कंपनीला जुनाच द्यायचा, नवीन काढू द्यायचा नाही. आणि जॉइन व्हायच्या आधी पीएफच्या पोर्टलवर लॉगिन करून जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकलीय का ते बघा, खूप जणांची टाकलेलीच नसते आणि मग ट्रान्सफर अडकतो. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले असतील तर ती तारीख तुम्ही स्वतः टाकू शकता, 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट' म्हणून असतं, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, झालं. जुन्या ऑफिसच्या मागे लागायची गरज नाही.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. एप्रिल ते मार्च या एकाच वर्षात आधी दुसरीकडे थोडे महिने पगार घेतला असेल तर त्याची माहिती नव्या कंपनीच्या अकाउंट्सला द्या, त्याचा एक फॉर्म असतो, जुने लोक त्याला १२बी म्हणतात. नाही दिली तर दोन्हीकडे ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरलं जातं, स्लॅबही दोनदा लागतात, टॅक्स कमी कापला जातो, तेव्हा बरं वाटतं आणि रिटर्न भरायच्या वेळी व्याजासकट भरायला लागतं.

आता इन हँड. ऑफरवरच्या आकड्याला बाराने भागून घरी सांगू नका. बेसिक २० हजार असेल तर १२ टक्के म्हणजे २,४०० तुमच्या पगारातून पीएफला जातात, आणि कंपनीचा वाटाही बहुतेक ठिकाणी सीटीसीतच (ऑफरवरचा तो वर्षाचा आकडा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) धरलेला असतो. ग्रॅच्युइटीही त्यातच लिहिलेली असते, ती काय दर महिन्याला हातात येत नाही. महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, बायकांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर माफ.

कपड्यांचं थोडक्यात, जुने फॉर्मल शर्ट घालून बघा, बटणं लागतात का ते कळेल, आणि बूट मात्र नक्की घालून घरात अर्धा तास फिरा. मुंबईच्या दमटपणात न वापरता पडलेल्या बुटांचे सोल आतून भुसभुशीत होतात, वरून नव्यासारखे दिसतात आणि जिन्यावर सोल निखळून हातात येतो. पहिल्या दिवशी स्टेशनवर हे झालं तर काय करणार. प्रवासाची ट्रायल पण घ्या, ती रविवारी नाही, कामाच्या दिवशी आणि ऑफिसच्याच वेळेला. डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी करायचं असेल तर नकाशा सांगतो त्या वेळेत घाटकोपरच्या पुलावरची गर्दी आणि मेट्रोची रांग धरलेली नसते. संध्याकाळचा परतीचा प्रवासही एकदा करून बघा, तो जास्त दमवतो.

या सगळ्यापेक्षा अवघड घरचं असतं. माणूस घरी असतो तेव्हा हळूहळू सगळी कामं त्याच्याकडे येतात, मुलाला शाळेतून आणणं, आईची बीपीची गोळी, गॅस, बँक, सोसायटीच्या वॉचमनशी भांडण सुद्धा, आणि वर्षभरात घराला त्याची सवय होते. नोकरी लागल्यावर ही कामं हवेत विरत नाहीत, कोणाच्या तरी अंगावर पडतात, आणि तोपर्यंत घर चालवणारी बायको (किंवा नवरा, किंवा बाबांची पेन्शन) आधीच दमलेली असते. म्हणून जॉइन व्हायच्या आठवडाभर आधी बसून एकेका कामाचं नाव घेऊन ठरवा, कोण करणार, कशाला पैसे देऊन माणूस लावायचा, काय सोडून द्यायचं. "बघू, होईल" म्हटलं की पहिल्याच मंगळवारी मीटिंगमध्ये शाळेचा फोन येतो. व्हॅनवाल्याशी आधीच बोलून ठेवा.

आता वागण्याचं. गॅपनंतर जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतं की यांनी मला घेतलं, उपकार केले, मग तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो, रात्री नऊपर्यंत बसतो, शनिवारी येतो, आणि टीमला वाटतं हा असाच आहे. पहिल्या पंधरा दिवसांत जी वेळ लावून घ्याल तीच पुढे वर्षभर गृहीत धरतात, नंतर सातला निघालात तर "काय, आज हाफ डे?" ऐकायला लागतं. त्यांना माणूस हवा होता म्हणून त्यांनी घेतलंय. वेळेवर या, काम संपवा, निघताना साहेबांना सांगून निघा, चोरासारखं नको.

कॅन्टीनमध्ये "आधी कुठे होता?" येणारच. "अमुक कंपनीत होतो, मग थोडे महिने ब्रेक झाला, आता इथे" एवढं एका दमात बोलायचं आणि लगेच समोरच्याला विचारायचं तुम्ही किती वर्षं आहात इथे, माणसं स्वतःबद्दल बोलायला लागली की तुमचं विसरतात. ले-ऑफची कहाणी, जुन्या बॉसच्या शिव्या, हे पहिल्या महिन्यात अजिबात नको, कोण कोणाच्या जवळचं आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही.

कामाचा हात सुटलेला असतो हे मान्य करून टाका. एक्सेलचे शॉर्टकट आठवत नाहीत, नवीन सॉफ्टवेअर असतं, तीन वाजता डोळे मिटतात कारण वर्षभर त्या वेळेला आडवं व्हायची सवय. दुपारचा भात आठवडाभर कमी करा, आणि एक साधी वही ठेवा ज्यात माणसांची नावं, कोणतं काम कोणाकडे जातं, कुठली फाइल कुठल्या फोल्डरला, सगळं लिहायचं. एकच गोष्ट दोनदा विचारलेली चालते, चौथ्यांदा विचारली की तोंडं वाकडी होतात. नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल मात्र घाईने डिलीट करू नका, कन्फर्मेशन होईपर्यंत, म्हणजे नोकरी पक्की होईपर्यंत, लपवून ठेवा फक्त.

पहिली सॅलरी स्लिप आली की ऑफर लेटर शेजारी ठेवून ओळीओळीने वाचा, यूएएन बरोबर आहे का, पॅन बरोबर आहे का, दिवस किती धरलेत. कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यानंतर थोड्या दिवसांनी पीएफचं पासबुक उघडून बघा, आणि एंट्री दिसली नाही तर एचआरला मेल टाका, जिन्यात भेटल्यावर तोंडी सांगू नका.