जुन्या ड्रायव्हरमधली छोटी साफसफाई तपासताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलमधल्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या) जुन्या ड्रायव्हरांवर, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडवर, छोटे पॅच (सुचवलेले बदल) सतत येत असतात. कुणी मोकळ्या जागा नीट करतं, कुणी जुन्या फंक्शनच्या जागी नवं लावतं. चारच ओळी आहेत म्हणून तपासणारा नजर फिरवून होकार देतो आणि तिथेच पहिली चूक होते. पॅच उघडताच आधी ठरवा: यामुळे मशीन कोड बदलायला हवा, की तसाच राहायला हवा?

फक्त मांडणी किंवा लोकल व्हेरिएबलची नावं बदलली असतील तर डोळ्यांवर विसंबू नका. आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला कोड) ऑब्जडंप या साधनाने उलगडून ताडून पाहा. ओळ क्रमांकामुळे पडणारे किरकोळ फरक सोडून आणखी काही दिसलं, तर पॅच सांगतोय त्यापेक्षा जास्त करतोय.

कोड बदलणाऱ्या पॅचमध्ये खरी जोखीम आहे. त्यातली सगळ्यात फसवी म्हणजे ‘ही व्हॅल्यू कुठे वापरलेलीच नाही’ म्हणून रजिस्टर (उपकरणातली छोटी नोंद-जागा) वाचणारी ओळ काढणं. पीसीआयवर (उपकरणं जोडणाऱ्या बसवर) लिहिलेलं उपकरणापर्यंत लगेच पोहोचेलच असं नाही, ते वाटेतल्या ब्रिजमध्ये थांबू शकतं. त्याच उपकरणावरून काही परत वाचलं की आधीचं लिखाण पोहोचल्याशिवाय उत्तर येत नाही. काही स्टेटस रजिस्टर तर नुसत्या वाचण्याने साफ होतात. म्हणजे व्हॅल्यू निरुपयोगी असली तरी वाचणं गरजेचं असतं. कंपायलरचा इशारा घालवायचा असेल तर व्हेरिएबल काढायला सांगा, पण वाचन राहू द्या आणि त्याचं कारण कॉमेंटमध्ये लिहून घ्या. 2006 मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनच्या) पॅकेजमधून तपासणी साधनाच्या तक्रारीमुळे असाच थोडा कोड काढला गेला होता. 2008 मध्ये चूक उघडकीला आली, तोवर त्या पॅकेजने बनवलेल्या एन्क्रिप्शनच्या कीजचा अंदाज बांधणं सहज शक्य झालं होतं. तो ड्रायव्हर नव्हता, पण साधनाची तक्रार म्हणजे निकाल नव्हे हे तिथे फार महागात कळलं.

चेकपॅच या कर्नलच्या पॅच तपासणाऱ्या स्क्रिप्टच्या सल्ल्याचंही तसंच. युडीलेऐवजी यूस्लीप-रेंज वापरा असं तो सुचवतो. पण युडीले जागच्या जागी वाट पाहतो, यूस्लीप-रेंज झोपतो, आणि स्पिनलॉक (न झोपता धरायचा लॉक) धरलेला असताना किंवा इंटरप्ट हँडलरमध्ये (उपकरणाच्या हाकेला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) झोपणं चालत नाही. पॅचमध्ये बदलाच्या आजूबाजूच्या तीनच ओळी दिसतात, लॉक कदाचित वरच्या फंक्शनमध्ये घेतलेला असतो. म्हणून पूर्ण फाइल उघडा आणि फंक्शनला कोण कोण बोलावतं ते शोधा.

मजकूर कॉपी करणाऱ्या स्ट्रएनकॉपी फंक्शनच्या जागी स्ट्रएसकॉपी आलं असेल तर थांबा. पहिलं उरलेली जागा शून्यांनी भरतं, दुसरं भरत नाही. ज्या स्ट्रक्चरमध्ये ही कॉपी होते तेच युझरस्पेसकडे (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमकडे) जात असेल तर कर्नलच्या मेमरीतलं जुनं काहीतरी बाहेर जाऊ शकतं. तिथे स्ट्रएसकॉपीचा उरलेली जागा शून्यांनी भरणारा पॅडवाला प्रकार मागा.

रिसोर्सेस आपोआप सोडणाऱ्या डेव्हएम फंक्शनांमुळे कोड सुटसुटीत होतो, मात्र मोकळं करण्याचा क्रम बदलतो. ही रिसोर्सेस ड्रायव्हर काढताना चालणारं रिमूव्ह फंक्शन संपल्यावर उलट क्रमाने सुटतात. रिमूव्हमध्ये बफर हाताने सोडला आणि इंटरप्ट डेव्हएमकडे दिला, तर मधल्या क्षणी आलेला इंटरप्ट सोडलेल्या बफरला हात लावेल.

हार्डवेअरवर चाचणी झाली नसेल तर ‘फक्त कंपाइल करून पाहिलं’ असं पॅचमध्ये स्पष्ट लिहिलेलं असावं. हार्डवेअर कुणाकडेच नसेल तर वागणूक बदलणारी साफसफाई मी नाकारेन.

ड्रायव्हर बिघडलाच तर गिट बायसेक्टने (बदलांचा इतिहास अर्धा-अर्धा करत तपासणाऱ्या साधनाने) दोषी पॅच सापडतो. मात्र त्यात दहा गोष्टी एकत्र कोंबल्या असतील तर नेमकी कोणती नडली हे हातानेच शोधावं लागतं. म्हणून एका पॅचमध्ये एकच बदल, हा आग्रह होकार देण्याआधीच धरा.